कोणाचा वेळ स्वस्त? थायलंडमधला श्रीमंत-गरीब भेद समजून घेताना

दर वर्षी एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात थायलंडभर शाळांच्या पटांगणांत, देवळांच्या मंडपांत आणि तालुक्याच्या कचेऱ्यांत एकवीस वर्षांची मुलं उघड्या अंगानं रांगा करून बसलेली दिसतात. कोणी उंची मोजतं, कोणी छाती मोजतं, मग एकेकाला पुढं बोलावून पेटीत हात घालायला सांगतात. काळी चिठ्ठी आली तर घरी जायचं. लाल आली तर दोन वर्षं लष्करात. काळी निघालेला पोरगा नाचतो, लाल निघालेल्याची आई तिथंच रडू लागते, आणि संध्याकाळी हे सगळं टीव्हीवर दिसतं.

चिठ्ठी सगळ्यांना सारखीच, असं पाहणाऱ्याला वाटतं. पण त्या रांगेत कोण बसलेलं नाही, ते बघायला हवं. दहावी ते बारावीच्या काळात ज्यांनी ‘रो दो’ नावाचं विद्यार्थ्यांचं सैनिकी प्रशिक्षण तीन वर्षं पुरं केलं (आपल्या एनसीसीसारखं), त्यांच्यासमोर ही पेटी येतच नाही. त्यासाठी मुलानं तोवर शाळेत टिकायला हवं. नववीनंतर शाळा सोडून जो बापाबरोबर ऊस तोडायला गेला, त्याला ती वाट बंद. पदवीधराला लाल चिठ्ठी आलीच, तरी त्याच्या दोन वर्षांचं एक होतं. म्हणजे पेटीत हात जाण्याआधीच बरीचशी निवड उरकलेली असते. आणि बराकीत पोचलेल्यांपैकी काही जण बंदुकीऐवजी झाडू हातात घेऊन एखाद्या अधिकाऱ्याच्या घरी बागेला पाणी घालत, गाडी धूत दिवस काढतात. या प्रथेला ‘थहान रप छाय’ म्हणतात, सेवेकरी शिपाई. तिच्यावर थायलंडमध्येच वर्षानुवर्षं टीका होत आली आहे.

थाय समाजातल्या विषमतेवर लिहिणारे बहुधा आकड्यांनी सुरुवात करतात. आकडे आहेतच. जागतिक बँकेच्या हिशेबानं २०२१ मध्ये थायलंडचा उत्पन्नाचा गिनी निर्देशांक ४३.३ होता. शून्य म्हणजे सगळे सारखे आणि शंभर म्हणजे सगळं एकाकडे, अशी ही मोजणी. पूर्व आशिया आणि प्रशांत भागातल्या ज्या देशांची आकडेवारी मिळते, त्यांत हा आकडा सर्वांत वरचा. २०१८ मध्ये क्रेडिट स्विस या बँकेच्या अहवालानं तर देशाची दोन तृतीयांश संपत्ती वरच्या एक टक्का लोकांकडे असल्याचं म्हटलं. थाय सरकारच्या नियोजन यंत्रणेनं ते मान्य केलं नाही आणि मोठा वाद झाला. पण मला विचाराल तर हा समाज समजून घ्यायला पैशापेक्षा वेळ ही जास्त नेमकी फूटपट्टी आहे. कोणाचे दिवस कोणाला उचलून नेता येतात, कोणाला ताटकळत ठेवता येतं, आणि नुसता वेळ गेला की कोणाचं काम होऊन जातं, हे पाहत गेलं की बाकीचं उलगडतं.

माणसाला आकडा

पंधराव्या शतकात अयुथ्थया या तेव्हाच्या राजधानीतून राज्य करणारा राजा त्रैलोकनाथ यानं राज्यातल्या प्रत्येक माणसाला एक आकडा दिला. त्या पद्धतीचं नाव सक्दिना. ‘सक्दि’ म्हणजे आपलीच ‘शक्ती’, आणि ‘ना’ म्हणजे थाय भाषेत भाताचं शेत. आकडा ‘राय’ या मापात असे. अडीच राय म्हणजे एक एकर. गुलाम आणि भिकारी यांना ५. साध्या रयतेला फार तर २५. सरदारकी ४०० पासून सुरू होई, बड्या मंत्र्याला १०,००० आणि उपराजाला १,००,०००. राजाला आकडाच नाही, तो मोजदादीच्या वर. एवढी जमीन खरोखर हातात पडे असं नाही. आकडा होता तो माणसाच्या वजनाचा. दंड किती, भरपाई किती, हे त्यावरून ठरे. ४०० आणि त्यापुढच्या माणसाला कोर्टात स्वतः उभं राहावं लागत नसे, तो आपल्या वतीनं दुसऱ्याला पाठवू शके. हा तपशील लक्षात ठेवा.

साध्या रयतेतल्या माणसाला ‘फ्राइ’ म्हणत. त्याची नोंद राजाच्या किंवा एखाद्या सरदाराच्या नावावर होई, मनगटावर गोंदून तो कोणाचा आणि कुठला ते कायमचं लिहून ठेवत, आणि वर्षातले सहा महिने, एक महिना घरी एक महिना कामावर असं करत, त्यानं फुकट राबायचं. मराठीत याला नेमका शब्द आहे: वेठ. कालवे, तटबंद्या, देवळं, लढाया, सगळं या वेठीवर उभं राहिलं. १७८२ मध्ये राजधानी बँकॉकला आल्यानंतर ही मुदत कमी होत होत तीन महिन्यांवर आली. फ्राइच्या खाली ‘थात’. हा शब्द म्हणजे आपला ‘दास’. बरेचसे थात कर्जापायी झालेले असत. माणूस स्वतःला गहाण टाके, बायकोमुलांनाही टाके.

पाचवा राम म्हणजे चुलालोंगकोर्न हा राजा १८७२ मध्ये, अठरा वर्षांचा असताना, हिंदुस्थानचा दौरा करून गेला होता. त्यात मुंबईही होती. १८७४ मध्ये त्यानं दास्याचं दार टप्प्याटप्प्यानं लावून घेणारा कायदा केला आणि १९०५ मध्ये ते पुरतं बंद झालं. त्याच १९०५ मध्ये सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा आला. गोंदण गेलं, वेठ गेली, आणि त्या जागी दोन वर्षांची शिपाईगिरी आली. पेटीतल्या लाल चिठ्ठीचं मूळ हे असं मागं जातं.

या वेठीतून एक मोठा गट मात्र सुटला होता: चीनमधून आलेले लोक. त्यांनी दर तीन वर्षांनी डोईपट्टी भरायची आणि भरल्याची खूण म्हणून मनगटाला लाखेची मोहर लावलेला दोरा बांधायचा, की मोकळे. थाय शेतकरी धन्याला बांधलेला असताना चिनी हमाल हवं तिथं मजुरी करू शकत होता, चार पैसे साठवून दुकान टाकू शकत होता. आपला वेळ आपल्याला विकता येणं ही त्या काळात केवढी मोठी गोष्ट होती, ते पुढच्या शंभर वर्षांत दिसलं. आज थायलंडमधल्या सर्वांत श्रीमंत घराण्यांपैकी बहुतेकांचं मूळ या स्थलांतरितांत सापडतं. १९२१ मध्ये बँकॉकच्या चिनी वस्तीत दोघा भावांनी बियाण्याचं दुकान काढलं. त्यातून झालेला सीपी समूह आज देशात १४ हजारांहून जास्त सेव्हन-इलेव्हन दुकानं चालवतो. चांग बिअरवाल्या थायबेव्हच्या संस्थापकाचे वडील रस्त्यावर शिंपल्यांची धिरडी विकत. क्रातिंग देंग हे पेय, ज्याचं पुढं जगभर रेड बुल झालं, ते काढणारे छलियो युविद्या गरीब हैनानी घरातले. आणि त्यांचं पहिलं गिऱ्हाईक होतं रात्रभर ट्रक हाकणारा ड्रायव्हर आणि दिवसभर उन्हात राबणारा मजूर.

म्हणून थाय ‘सेट्ठी’ला (हा आपला श्रेष्ठी, म्हणजेच शेठ) सरसकट आयतोबा म्हणणं अन्यायाचं होईल. पहिल्या पिढीनं खरंच घाम गाळला. गाठ पडली ती नंतर, जेव्हा व्यापाऱ्याला लष्कराचा वरदहस्त लागला, सेनापतीला कंपनीच्या संचालक मंडळात खुर्ची लागली, आणि दोघांनाही दरबाराजवळची जागा हवीशी झाली. या सोयरिकीतून जो वर्ग तयार झाला त्याला आज बोलीत ‘हाय-सो’ म्हणतात, हाय सोसायटीचं थाय रूप.

भीड, उपकार आणि दोरी

थाय बोलायला तोंड उघडलं की पहिल्याच वाक्यात आपण वर की खाली ते ठरवावं लागतं. आपल्याकडं तू, तुम्ही, आपण एवढ्यावर भागतं. तिथं ‘मी’साठीसुद्धा कितीतरी शब्द आहेत. थोरांशी बोलणारी मुलगी स्वतःला ‘नू’ म्हणते, म्हणजे उंदीर. शब्द लाडाचा आहे, आई-आजीपुढंही तोच वापरतात. पण हॉटेलातली वाढपी मुलगी मालकिणीसमोर नूच असते, तेव्हा त्यातला लाड पातळ झालेला असतो. जरा मोठा तो ‘फी’, जरा लहान तो ‘नोंग’, रस्त्यावर भेटलेला अनोळखी असला तरी. नमस्कार, ज्याला ‘वाय’ म्हणतात, धाकट्यानं आधी करायचा आणि समोरचा जितका मोठा तितके हात वर न्यायचे.

मोठा माणूस ‘फू याय’, लहान माणूस ‘फू नोय’. मोठा म्हणजे वयानं, हुद्द्यानं, पैशानं, किंवा तिन्हींनी. धाकट्यानं मोठ्याची ‘क्रेंग जाय’ बाळगायची. या शब्दाचं भाषांतर करताना परदेशी लेखकांची दमछाक होते, पण मराठीत तो सरळ आहे: भीड. समोरच्याला अवघडल्यासारखं होईल म्हणून मागणं गिळायचं, चूक दिसली तरी बोलायचं नाही, बोलावल्यावर नाही म्हणायचं नाही. ही भीड दोन्हीकडून असते आणि तिच्यात खरा हळुवारपणाही आहे. थाय माणसांत वावरलेल्या कोणालाही तो जाणवतो. फक्त तिचं वजन खालून वर जास्त जातं. वरच्याला भीड हा शिष्टाचार असतो, खालच्याला ती पोटापाण्याची अट असते.

मोठेपणाला कर्तव्यंही चिकटलेली आहेत. जेवणाचं बिल फू यायनं द्यायचं. मोलकरणीच्या आईचं दुखणं, ड्रायव्हरच्या पोराची फी, गावच्या देवळाचं छप्पर, हे सगळं त्याच्याकडून अपेक्षित असतं. त्यानं केलं की ‘बुन खुन’ लागू होतं, उपकाराचं ऋण, आणि ते विसरणारा माणूस सगळ्यांच्या नजरेतून उतरतो. अशा ऋणांच्या आणि ओळखींच्या जाळ्याला ‘सेन’ म्हणतात, म्हणजे दोरी, रेघ. आपण ‘वशिला’ म्हणतो तोच. बदली, शाळेतला प्रवेश, पोलीस चौकीतली सुटका: ज्याची दोरी लांब, त्याचं काम आधी.

या व्यवस्थेत गरीब माणूस अगदीच वाऱ्यावर नसतो, हे कबूल करायला हवं. त्याला धनी असतो. पण मिळणारी प्रत्येक गोष्ट कोणीतरी ‘दिलेली’ असते. रजा दिली, उचल दिली, औषधाला पैसे दिले. हक्क म्हणून काही मिळायला लागलं की हे सगळं नातंच हलतं, आणि थायलंडच्या गेल्या पंचवीस वर्षांच्या राजकारणात नेमकं तेच हललं.

मस्तवालपणाचं टोक एका वाक्यात सापडतं. गाडी चुकीची लावली, पोलिसानं अडवलं, की खिडकीतून येणारं वाक्य: ‘रू माय कू पेन ख्राय?’ मी कोण आहे ठाऊक आहे का? आपल्याकडंही हे वाक्य रस्त्यावर ऐकू येतं, त्यात सहसा बाप जोडलेला असतो. थायमध्येही बापाची आवृत्ती आहे.

एकच बुद्ध, कर्माची दोन वाचनं

थाय माणसाला विचारलं की एखादा इतका श्रीमंत का, तर अनेकदा उत्तर येतं: त्याच्याकडं ‘बुन’ आहे. बुन म्हणजे पुण्य. गरिबाच्या वाट्याला ‘कम’, म्हणजे कर्म. ‘वासना’ हा शब्दसुद्धा तिथं आहे, पण अर्थ निराळा: मागल्या जन्माच्या पुण्याईनं मिळालेलं भाग्य. अशा विचारात श्रीमंती हा पुरावा ठरते. इतकं मिळालं म्हणजे पूर्वी काहीतरी चांगलं केलंच असणार. आणि आज देवळाला मोठं दान देऊन पुढचीही सोय होते, जी रोज चारशे बाट कमावणाऱ्याला तेवढी जमत नाही.

इथं महाराष्ट्राचा धागा खरोखरच जुळतो. २०२३ च्या सुरुवातीला थायलंडहून आलेले शंभराहून अधिक भिक्खू परभणीहून मुंबईच्या चैत्यभूमीपर्यंत चालत आले, तेव्हा वाटेत गावोगावी त्यांचं स्वागत करणारे लोक वेगळ्या बौद्ध परंपरेतले होते. बाबासाहेबांनी १९५६ मध्ये नागपूरला धम्म स्वीकारला तो ज्या विचारानं, त्यात गरिबी आणि हीनत्व हे मागल्या जन्माच्या कर्माचं फळ आहे ही कल्पना बसतच नाही. असं मानलं तर समाजाला काही बदलण्याची जबाबदारीच उरत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. म्हणजे एकाच बुद्धाला वंदन करणाऱ्या दोन समाजांत एकीकडं कर्मानं पायरी पक्की केली आणि दुसरीकडं त्याच धम्माच्या आधारानं लोक पायरी सोडून उभे राहिले. थायलंडमध्येही भिक्खू बुद्धदास (१९०६–१९९३) यांनी पुनर्जन्माचा हिशेब बाजूला ठेवून याच जन्मातल्या हावेकडं बोट दाखवलं. त्यांना मान खूप मिळाला, पण गावच्या देवळातली पुण्याची मोजणी आपल्या गतीनं चालूच राहिली.

राबणं कशाला म्हणतात

थायलंडमध्ये बेकारी एक टक्क्याच्या आसपास असते. ऐकून हेवा वाटतो. पण काम करणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक असंघटित आहेत: हातगाडीवर पपईचं सोमतम कुटणारी बाई, नारिंगी जाकीट घालून गल्लीच्या तोंडाशी बसलेला मोटरसायकल-टॅक्सीवाला, भाडेपट्ट्यानं भात लावणारा शेतकरी, ॲपवरून जेवण पोचवणारा पोरगा. यांना बेकार राहणं परवडत नाही, म्हणून ते बेकार दिसत नाहीत. म्हातारपणी सरकारकडून मिळतात महिन्याला ६०० बाट, नव्वदी गाठल्यावर १०००. एक बाट म्हणजे साधारण अडीच ते तीन रुपये.

किमान मजुरी प्रांताप्रांतानं वेगळी. यिंगलक शिनावात्रांच्या सरकारनं २०१३ च्या जानेवारीत देशभर दिवसाला ३०० बाट केली, तेव्हा कारखानदारांनी देश बुडेल असा गिल्ला केला होता. २०२५ मध्ये बँकॉक आणि फुकेतसारख्या ठिकाणी ४०० झाली, दक्षिणेकडच्या याला, पत्तानी आणि नराथिवात इथं ३३७.

सर्वांत बोलकी गोष्ट घरकामाची आहे. मोलकरणीला जुना शब्द ‘खोन छाय’: ‘खोन’ म्हणजे माणूस, ‘छाय’ म्हणजे वापरणं. वापरायचं माणूस. आता सभ्य बोलण्यात ‘मॅ बान’ म्हणतात, घराची आई. शब्द बदलला, पण आठवड्याची एक सुट्टी कायद्यानं मिळायला २०१२ उजाडावं लागलं, आणि किमान मजुरी व बाळंतपणाची रजा यांसाठी २०२४. त्याआधी सुट्टी होती ती मालकिणीच्या मर्जीची. टीव्हीवरच्या मालिकांत मोलकरीण कितीतरी वर्षं ईसानी हेल काढून बोलणारी, हसं करून घेणारी असायची.

ईसान म्हणजे ईशान्य थायलंड. शब्दही आपला ‘ईशान’च. वीस प्रांत, देशाची जवळजवळ एक तृतीयांश वस्ती, घरी लाओ बोलणारी, चिकट भात खाणारी, पावसाच्या भरवशावर शेती करणारी माणसं. बँकॉकच्या टॅक्सी, मसाज पार्लरं, इमारतींच्या परांच्या यांवर तीच दिसतात. उन्हानं रापलेली कातडी म्हणजे शेतात राबलेली कातडी, हे समीकरण इतकं घट्ट आहे की गोरं करणाऱ्या मलमांनी दुकानांच्या फळ्याच्या फळ्या भरलेल्या असतात.

आणि ईसानी मजुराच्याही खाली आता कोणी आहे: म्यानमार, कंबोडिया, लाओसहून आलेले लाखो लोक. बँकॉकजवळच्या महाछायमध्ये मासळी आणि कोळंबी साफ करणारे हात बहुतांशी बर्मी आहेत. १९७५ चा कामगार संबंध कायदा त्यांना स्वतःची युनियन काढू देत नाही.

श्रीमंत काही काम करत नाहीत असं नव्हे. पण त्यांच्या मालमत्तेला बसल्या जागी जे संरक्षण मिळतं ते थक्क करणारं आहे. वारसा कर कित्येक दशकं लागूच नव्हता, तो २०१६ मध्ये आला. आला तोही एका वारसाच्या वाट्याला १० कोटी बाटहून जास्त आलं तरच. २०२० मध्ये जमीन-इमारत कर सुरू झाला. रिकाम्या पडलेल्या जागेला दर जास्त, शेतीला अगदी नगण्य. मग बँकॉकच्या मधोमध, गगनचुंबी इमारतींच्या शेजारी, सोन्याच्या भावाच्या मोकळ्या जागांवर एकाएकी लिंबाची आणि केळीची रोपं रांगेत उभी राहिली. हा सगळा व्यवहार कायद्याच्या आत आहे.

‘तुरुंग गरिबांसाठी’

थायमध्ये एक म्हण झालेलं वाक्य आहे: तुरुंग आहे तो गरिबांना कोंडायला. मी ते आधी रागातून आलेली अतिशयोक्ती समजत होतो. मग कायदा पाहिला. दंड भरता आला नाही तर त्याबदल्यात कोठडीत बसावं लागतं, एका दिवसाचे ५०० बाट या दरानं; २०१६ पूर्वी २०० होते. गरिबाच्या एका दिवसाची किंमत कायद्यातच लिहिलेली आहे. ज्याच्याकडं पैसे आहेत तो दंड भरून निघतो, ज्याच्याकडं नाहीत तो दिवस मोजतो.

आता दुसरी बाजू. ३ सप्टेंबर २०१२ च्या पहाटे बँकॉकच्या सुखुमवित रस्त्यावर एका फेरारीनं मोटरसायकलवरून गस्त घालणाऱ्या पोलीस हवालदाराला धडक दिली. त्यात त्याचा जीव गेला. पोलिसांच्या म्हणण्यानुसार गाडी चालवत होते वोरायुथ युविद्या, वर उल्लेख आलेल्या छलियो युविद्यांचे नातू. पुढच्या वर्षांत ते बोलावण्याला पुन्हा पुन्हा हजर झाले नाहीत, त्यांच्या वतीनं वकील मुदती मागत राहिले. ४०० आकड्याचा सरदार आपल्याऐवजी दुसऱ्याला पाठवू शके, ते आठवावं. थाय कायद्यात आरोपी परागंदा असला तरी खटल्याची मुदत सहसा धावतच राहते. वेगाचा आरोप २०१३ मध्ये बाद झाला, अपघात करून पळाल्याचा २०१७ मध्ये. त्याच वर्षी ते देश सोडून गेले. गाडीचा वेग आधी ताशी १७७ किलोमीटर सांगितला होता, नंतरच्या हिशेबात तो ८० च्या खाली आला. २०२० मध्ये सरकारी वकिलांनी उरलेला खटलाही सोडून दिल्याची बातमी फुटली आणि देश इतका खवळला की चौकशी आयोग नेमावा लागला, नवं वॉरंट निघालं. बेदरकारपणे गाडी चालवून मृत्यू घडवल्याच्या आरोपाची मुदत सप्टेंबर २०२७ पर्यंत आहे. न्यायालयानं त्यांना दोषी ठरवलेलं नाही. खटला उभाच राहिलेला नाही, आणि लोकांचा संताप आहे तो त्यावरच.

याच काळात कालसिन प्रांतातलं एक वयस्क जोडपं लोकांच्या तोंडी होतं. आपण राखीव जंगलात अळंबी वेचायला गेलो होतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्यावर साग तोडल्याचा आरोप आला. त्यांनी गुन्हा कबूल केला आणि कबुलीबद्दल निम्मी झालेली शिक्षा होती पंधरा वर्षांची. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती पाच वर्षांवर आणली. न्यायालयाचं म्हणणं लाकूडतोडीच्या पुराव्यावर होतं आणि ते काय ते कागदोपत्री आहे. सामान्य थाय माणसानं मात्र दोन बातम्या शेजारी ठेवून वाचल्या.

नेहमीच असं होतं असंही नाही. २०१८ च्या फेब्रुवारीत बांधकाम उद्योगपती प्रेमचाय कर्णसूत थुंगयाय नरेसुआन अभयारण्यात शिकारीच्या प्रकरणात पकडले गेले. तिथं काळा बिबट्या मारला गेला होता. हे प्रकरणही जिरेल म्हणून लोकांनी बँकॉकच्या भिंतींवर काळे बिबटे रंगवले. २०२१ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिक्षा कायम केली आणि ते तुरुंगात गेले. भिंतींवरच्या चित्रांचा न्यायालयाशी संबंध होता असं मी म्हणणार नाही. पण लोक विसरले नव्हते, एवढं खरं.

फ्राइ पुन्हा येतात

२००१ मध्ये थाक्सिन शिनावात्रा निवडून येऊन पंतप्रधान झाले आणि ३० बाटमध्ये सरकारी रुग्णालयात उपचार सुरू झाले. थाक्सिन स्वतः अब्जाधीश, त्यांच्या कारभाराबद्दल गंभीर आक्षेप आहेत, अमली पदार्थांविरुद्धच्या त्यांच्या मोहिमेत हजारो माणसं मेली, हे विसरता येत नाही. तरी ३० बाटनं जे केलं ते मोठं होतं. ईसानच्या बाईला दवाखान्याच्या पैशासाठी कोणाच्या दारात उभं राहावं लागलं नाही. उपकार नाही, भीड नाही. कार्ड दाखवलं की डॉक्टर. तिनं ते मतदानाशी जोडलं, आणि पुढच्या कितीतरी निवडणुकांत त्याच बाजूला मत दिलं. २००६ मध्ये लष्करानं थाक्सिनना हटवलं, २०१४ मध्ये त्यांची बहीण यिंगलक यांना न्यायालयानं पंतप्रधानपदावरून दूर केल्यावर पुन्हा सत्ता घेतली.

मधल्या काळात, २०१० च्या मार्चपासून, थाक्सिनच्या बाजूचे लाल शर्टवाले हजारोंनी बँकॉकला आले आणि एप्रिलमध्ये त्यांनी राचप्रसोंगच्या चौकात मुक्काम ठोकला. हा चौक म्हणजे देशातल्या सर्वांत महागड्या मॉलांचा. ज्या फरशा ते एरवी पुसत, त्यांच्यासमोर त्यांनी चटया अंथरल्या, चिकट भात शिजवला. त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या छातीवर एकच शब्द छापलेला होता: ‘फ्राइ’. शंभर वर्षांपूर्वी पुसला गेलेला शब्द त्यांनी स्वतःहून अंगावर घेतला. समोरच्यांना ते म्हणत ‘अम्मात’. हा आपला ‘अमात्य’, शिवरायांच्या अष्टप्रधानांतला. आपल्याकडं त्या शब्दाला मान आहे, तिथं तो त्या वर्षी शिवी झाला होता. शहरी विरोधक त्यांना ‘ख्वाय’ म्हणत, म्हैस, म्हणजे ढ. १९ मे रोजी लष्करानं चौक मोकळा केला. त्या दोन महिन्यांत नव्वदहून अधिक माणसं मेली, बहुतेक नागरिक.

२०१३-१४ च्या उलट्या बाजूच्या आंदोलनात, न शिकलेल्यांचं मत आणि शिकलेल्यांचं मत सारखं कसं, असा प्रश्न व्यासपीठावरून उघड विचारला गेला. सिंघा बिअरवाल्या घराण्यातल्या एका तरुण नेत्या खेड्यातल्या लोकांना लोकशाही उमगत नाही अशा अर्थाचं बोलल्या. ईसानमधून बिअरवर बहिष्काराची हाक आली, आणि घरच्यांच्या सांगण्यावरून त्यांनी आईकडचं आडनाव लावलं. बिअर पिणारा तोच मजूर होता. एका मताला पाच आकडा आणि दुसऱ्याला दहा हजार, अशी ही मागणी होती, असं मला आजही वाटतं.

गरिबांचं म्हणणं सगळं थाक्सिनच्या नावावर टाकणंही बरोबर नाही, कारण ते त्याच्या आधीपासून बोलत होते. ईसानमध्ये मून नदी मेकोंगला मिळते तिथं १९९४ मध्ये पाक मून धरण पूर्ण झालं. उंची फक्त १७ मीटर, क्षमता १३६ मेगावॅट, जागतिक बँकेच्या कर्जाचा हातभार. मेकोंगमधून अंडी घालायला वर चढणारे मासे अडले आणि काठावरच्या हजारो कुटुंबांचा धंदा बसला. १९९५ मध्ये ‘समच्छा खोन चोन’, गरिबांची सभा, स्थापन झाली. १९९७ मध्ये तिचे लोक बँकॉकला पंतप्रधानांच्या कचेरीसमोर ९९ दिवस बसून होते: गावोगावचे शेतकरी, मच्छीमार, पोराबाळांसकट, स्वतःच्या वेळेनं आणि स्वतःच्या तांदळावर. जागतिक धरण आयोगानं पुढं जगातल्या ज्या थोड्या धरणांचा खोलात अभ्यास केला त्यांत पाक मून होतं, आणि त्या आयोगाच्या सदस्यांत मेधा पाटकर होत्या. नर्मदाकाठी जे प्रश्न विचारले जात होते तेच मूनकाठी विचारले जात होते.

२००१ मध्ये वर्षभरासाठी धरणाचे दरवाजे उघडले. मासे परत आले. नंतर थाक्सिनच्या मंत्रिमंडळानं ठरवलं, वर्षातून चार महिने उघडे ठेवू. काठावरच्या लोकांनी बाराही महिने मागितले होते, आणि धरण बांधून तीस वर्षं उलटली तरी त्यांची मागणी तीच आहे.